डी ड्राइव्हला सूट

दिवाळी अंकाची पानं अडतात ती सहसा लेखकांपायी. यंदा आमची अडली ती अँटिव्हायरसपायी, आणि त्यावरून सांगलीतल्या एका घराच्या माडीवर जी वादावादी झाली ती इथे आठवेल तशी उतरवतो आहे. वाद दोघांचा. दाजी घरीच डीटीपीचं काम करतात: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षातून एकदा आमचा अंक. दुसरा त्यांचा मेहुणा. तो पुण्यात एका सहकारी बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतो. दाजी त्याला नावाने हाक मारत नाहीत, 'साहेब' म्हणतात, आणि त्यात निम्मी थट्टा असते. मी पानांची वाट बघत मधल्या खुर्चीत.

आमचे बरेच लेखक आता मोबाइलवर लिहितात, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये येतो. दाजी पानं लावतात पेजमेकरवर. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, युनिकोड त्याला कळत नाही. पण पत्रिकांचे सगळे जुने साचे त्यातच असल्यामुळे दाजींना ते सोडवत नाही. जुन्या फॉन्टांत अक्षर जसं दिसतं तसं साठवतात: 'कि' लिहायची तर वेलांटी आधी, 'क' मागून, 'अर्थ'मधला रफार 'थ'च्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ही उलटापालट करणारा एक छोटा प्रोग्राम शेजारच्या गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने खास दाजींच्या फॉन्टासाठी पायथनमध्ये लिहून दिलेला आहे. सगळं एकाच फाइलमध्ये गुंडाळलेलं. डबल क्लिक केलं की झालं. दोन वर्षं बिनबोभाट चालला. आदल्या रात्री अँटिव्हायरसने अपडेट घेतलं आणि प्रोग्राम चालेना. काळी खिडकी उघडून मिटायची आणि उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी यायची: ट्रोजन सापडला, बंदिस्त केला.

दाजी : साहेब, मला एक सांगा. पोरगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला, प्रोग्राम माझ्यासमोर लिहिला, दोन वर्षं मी वापरतोय. ह्याला आत्ताच कसा काय चोर दिसला?

साहेब : त्याला चोर दिसलेला नाही, चोरासारखा दिसलाय. नावाच्या शेवटी काय लिहिलंय बघा. 'जेन'. म्हणजे जेनेरिक. ओळखीच्या एखाद्या व्हायरसशी तंतोतंत जुळला असता तर त्याचं नाव आलं असतं. हे नुसतं ठोकताळ्याने आलंय.

दाजी : मग ठोकताळ्याने माझं काम का बंद पाडायचं? बरं, मी सूट दिली होती. काल रात्री तसाच एकदा अडला, तर ज्या फोल्डरवर तो बोट दाखवत होता ते फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये टाकलं. आज पुन्हा तेच. म्हणजे माझी सूटसुद्धा मानत नाही हा!

साहेबांनी हिस्टरी उघडली. इथे मला पहिल्यांदा वाटलं की ही कटकट नुसती कटकट नाही, तिच्यात बघण्यासारखं काहीतरी आहे. पकडलेल्या वस्तूचा पत्ता डी ड्राइव्हवरचा नव्हताच, जिथे प्रोग्राम ठेवलेला होता. तो होता सी ड्राइव्हवर, टेम्प फोल्डरच्या पोटात, इंग्रजी एम-ई-आय अशी अक्षरं आणि पुढे आकडे असलेल्या एका फोल्डरात. कालच्या नोंदीतही तसंच फोल्डर, पण आकडे वेगळे.

साहेब : हा घ्या तुमचा उलगडा. पायथनचा प्रोग्राम असा एका फाइलमध्ये गुंडाळला की चालवताना तो आधी टेम्पमध्ये स्वतःला उलगडतो, तिथून चालतो, आणि बंद झाला की ते फोल्डर पुसून टाकतो. दर वेळी नवा आकडा. तुम्ही काल सूट दिलीत ती कालच्या फोल्डराला. ते आता अस्तित्वातच नाही.

दाजी : मग आख्ख्या टेम्पला देतो. हाय काय नि नाय काय.

साहेब : दाजी, टेम्पला सूट देऊ नका. ब्राउझरमधून, मेलमधून, झिपमधून जे काही येतं ते आधी तिथेच उतरतं. आणि तुमचा हा प्रोग्राम संशयित का ठरला तेही त्यातच आहे. एका फाइलमधून निघायचं, टेम्पमध्ये उलगडायचं, तिथून चालायचं, मागे खूण ठेवायची नाही. व्हायरस लिहिणारेही हेच करतात. त्यातले काही तर पायथनचं हेच गुंडाळायचं साधन वापरतात. बाहेरचं वेष्टन दोघांचं एकच.

दाजी : म्हणजे कपड्यावरून माणूस ओळखायचा.

साहेब : ओळखायचा नाही, थांबवून विचारायचं. तुम्ही आहातच की उत्तर द्यायला.

दाजी : मी उत्तर दिलं, तर त्याला ते पुरत नाही म्हणता तुम्ही!

आता साहेबांनी एक प्रश्न विचारला, जो मला या सगळ्या वादातला खरा प्रश्न वाटतो. ते म्हणाले, 'तुमचा विश्वास कशावर आहे? पोरावर, प्रोग्रामवर, का ह्या फाइलवर?' दाजी म्हणाले, तिन्ही एकच. साहेब म्हणाले, नाहीत.

साहेब : पोरगा चांगला. त्याने लिहिलेला प्रोग्राम चांगला. पण तुमच्या डी ड्राइव्हवर आज बसलेली प्रत तीच आहे कशावरून? तुमच्याकडे दिवसाला किती पेनड्राइव्ह लागतात?

दाजी : लग्नसराईत मोजत नाही मी. फोल्डरवर बाण आलेले असतात सगळ्यांच्या. 'दाजी, आमचे फोटो गेले' म्हणून रडत येतात. ॲट्रिबची कमांड मारून मीच काढून देतो.

साहेब : बाण आला म्हणजे खरं फोल्डर लपवलं आणि त्या जागी शॉर्टकट ठेवला. तो त्यातल्या त्यात साधा प्रकार. पण पेनड्राइव्हवरून पसरणारे सॅलिटीसारखे काही जुने व्हायरस चांगल्या प्रोग्रामच्या फाइलला जाऊन चिकटतात. नाव तेच, चित्र तेच, काम तेच. आत एक भाडेकरू. तुम्ही 'कन्व्हर्टर' नावावर विश्वास ठेवलात तर त्या भाडेकरूवरही ठेवलात.

मग त्यांनी कमांडची काळी खिडकी उघडली आणि विंडोजमध्येच असलेल्या 'सर्टयुटिल'ने त्या फाइलचा हॅश काढला: आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून चौसष्ट चिन्हांची एक ओळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ही ओळ पार बदलते. मुलाला फोन लावला. त्याने आपल्या लॅपटॉपवरच्या मूळ प्रतीचा हॅश काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. दाजींनी चष्मा लावून, पत्रिकेतली मुहूर्ताची वेळ तपासावी तशी, चार-चार चिन्हं करत ती ओळ शेवटपर्यंत जुळवली. जुळली.

दाजी : झालं समाधान? आता तरी तो निर्दोष?

साहेब : आता एवढंच कळलं की पोराने दिलेली प्रत आणि तुमची प्रत एकच. आता हीच ओळ व्हायरसटोटलवर टाकून बघू.

व्हायरसटोटल म्हणजे एकाच वेळी सत्तरेक अँटिव्हायरसांचं मत घेण्याची जागा. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ पासून गूगलकडे आहे. फाइल न चढवता नुसता हॅश टाकूनही शोधता येतं; मात्र ती फाइल आधी कुणीतरी तिथे टाकलेली असायला हवी. मुलाने टाकलेली होती. अगदी थोड्या इंजिनांनी बोट उचललं होतं आणि सगळ्यांची नावं अशीच मोघम. मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांना काही गैर दिसलं नव्हतं. साहेब जाता जाता म्हणाले ते मात्र मी लिहून घेतलं: तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्या आणि संशोधकांच्या हाती जाते, म्हणून गिऱ्हाइकांची पत्रिका, पॅन कार्डाची प्रत, सभासदांची यादी असलं काही तपासायला तिथे टाकायचं नाही.

दाजींचा पारा एवढ्याने उतरणार नव्हता.

दाजी : साहेब, तुम्ही मला प्रतीचा हिशेब शिकवलात, छान केलंत. आता ह्या तुमच्या पहारेकऱ्यांचा हिशेब बघू. हे कधी चुकतच नाहीत का?

साहेब : चुकतात. मोठ्या चुका केल्यात. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीने एक अपडेट पाठवलं आणि विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकवर खुद्द विंडोजचीच 'एसव्हीसीहोस्ट' ही फाइल व्हायरस ठरवली. जगभरचे कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू होत बसले. १९ सप्टेंबर २०१२ ला सोफोसने स्वतःचाच अपडेट करणारा प्रोग्राम पकडला.

दाजी : स्वतःलाच?

साहेब : स्वतःलाच. म्हणजे चूक दुरुस्त करणारं अपडेटही नीट येईना. आणि १३ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरमधल्या एका नियमाने कित्येक कचेऱ्यांत स्टार्ट मेन्यू आणि टास्कबारवरचे शॉर्टकट पुसून टाकले. लोक म्हणाले वर्ड गेलं, एक्सेल गेलं. गेलं काहीच नव्हतं, दारावरच्या पाट्या गेल्या होत्या.

दाजी : मग? त्या दिवशी ज्यांचं काम बुडालं त्यांना कुणी भरपाई दिली? मला पतसंस्थेचा अहवाल सभेच्या आधी द्यायचा असतो. तो माझ्या कन्व्हर्टरवर अडला तर शिव्या मला. अँटिव्हायरसवाल्याला व्हायरस सुटला तर बदनामी. चांगला प्रोग्राम मारला तर काहीच नाही. मग तो मारतच सुटणार की!

हा मुद्दा मला पटतो, आणि साहेबांनीही तो खोडला नाही. ते इतकंच म्हणाले की वारंवार खोटी ओरड करणारं अँटिव्हायरस लोक काढून टाकतात, म्हणून कंपन्यांनाही खोट्या ओरडीची भीती असते. पण ती भीती मोठ्या प्रोग्रामांपुरती. क्रोम अडलं तर एका तासात जगभर बोंब होते. सांगलीतला एका फॉन्टाचा कन्व्हर्टर अडला तर बोंब या माडीच्या खाली जात नाही.

दाजी : तेच म्हणतोय मी. म्हणून माझ्या मशिनीवर माझा शब्द शेवटचा. मी म्हणतो विश्वासू, तर विश्वासू.

साहेब : सीक्लीनर आठवतंय? तुमच्याकडे होतं.

दाजी : होतं की. कचरा काढायला सगळेच वापरायचे.

साहेब : सगळेच वापरायचे, सगळ्यांचा विश्वास. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची ५.३३ ही आवृत्ती आली. कंपनीच्या खऱ्या साइटवर, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीसकट. आणि आत मागचं दार. चोरांनी कंपनीच्या कारखान्यातच शिरून माल बनताना मिसळला होता. सुमारे महिनाभर कुणाला पत्ता नाही. २२ लाखांहून जास्त लोकांकडे ती प्रत पोचली. आणि त्याच वर्षी जुलैत सीक्लीनरची कंपनी कुणी विकत घेतली होती माहितीये? अवास्टने. अँटिव्हायरसवाल्याने!

दाजी मोकळेपणी हसले. मग म्हणाले, 'ह्यात तुमचीच बाजू पडली साहेब. अँटिव्हायरसवाल्यालाच घरातला चोर दिसला नाही तर तो माझ्या घरात काय दिवे लावणार?' साहेब म्हणाले, बाजू पडली तर पडू दे, पण 'विश्वासू प्रोग्राम' हा शब्दही त्याबरोबर पडला. दोघेही बरोबर होते, आणि पानं तिथेच होती.

चहा झाला. ताई, म्हणजे साहेबांची बहीण, बिलांची वही घेऊन वर आल्या. साहेब एक्स्क्लूजनची यादी बघत होते आणि एकदम गप्प झाले. यादीत सगळ्यात वर डी ड्राइव्ह होता. फोल्डर नाही, फाइल नाही, आख्खा ड्राइव्ह.

साहेब : हे कधी केलंत?

दाजी : जुनं आहे ते. काही होत नाही. दर रविवारी मी फुल स्कॅन लावतो, हिरवी बरोबरची खूण येते.

साहेब : फुल स्कॅनसुद्धा सूट दिलेली जागा वगळतं, दाजी. बहुतेकांत तसंच असतं, डिफेंडरमध्ये तर नक्कीच. तुमच्या हिरव्या खुणेत डी ड्राइव्ह कधी नव्हताच.

दाजींचा विश्वास बसेना. साहेबांनी नोटपॅड उघडलं आणि ठरीव चिन्हांची एक ओळ टाकली. आयकार नावाच्या युरोपीय संस्थेची ही अडुसष्ट चिन्हांची चाचणी-ओळ. तिच्यात काहीही अपाय नाही. पण ती दिसली की 'व्हायरस सापडला' म्हणायचं असं अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवून घेतलेलं आहे, म्हणजे पहारा जागा आहे की नाही ते खरा व्हायरस न आणता बघता येतं. फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली. हात माउसवरून उचलायच्या आत लाल पट्टी. मग तीच ओळ डी ड्राइव्हवर, 'लग्नपत्रिका' फोल्डरात सेव्ह केली. आम्ही चौघं स्क्रीनकडे बघत राहिलो. काही झालं नाही. साहेबांनी फाइलवर राइट क्लिक करून मुद्दाम स्कॅन लावलं. सगळं ठीक असल्याचा निर्वाळा आला.

दाजी : आणि पेनड्राइव्हचं सगळं मी तिथेच उतरवतो.

साहेब : गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की तेवढा तपासला जातो. पण तिथून सुटलेलं एकदा डी ड्राइव्हवर आलं की त्याला कुणी विचारणारच नाही. आणि उद्या एखादा खंडणीवाला व्हायरस आला आणि तिथून चालू झाला, तर साचे, अहवाल, संपादकांचे अंक, सगळं कुलुपात.

दाजी : पण मी डी ड्राइव्हला सूट का दिली असेन? मला तर आठवत नाही.

आठवण ताईंना होती. त्यांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, 'ते चित्रांचं सॉफ्टवेअर बसवायला आलेला पोरगा नव्हता का. सीडीवर लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा.'

माडीवर थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज होता. मराठी डीटीपीच्या दुनियेत हे गुपित नाही, पण लेखात कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो: घरगुती कॉम्प्युटरवरच्या मोठ्यातल्या मोठ्या सवलती कित्येकदा कन्व्हर्टरसारख्या गरीब प्रोग्रामसाठी दिलेल्या नसतात. त्या दिलेल्या असतात क्रॅकसाठी, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या प्रोग्रामसाठी. आणि क्रॅकसोबतच्या चिठ्ठीत पहिली सूचना हमखास हीच असते.

दाजी : तो व्हायरस नाही, साहेब. किजेन आहे. कंपनीचे पैसे बुडतात म्हणून अँटिव्हायरसवाले त्याला व्हायरस म्हणतात. कंपन्यांनी कंपन्यांची बाजू घ्यायची, दुसरं काय.

साहेब : काही किजेन खरंच नुसते किजेन असतात. त्यांना हॅकटूल म्हणून वेगळं नावही देतात. पण ज्याच्यासोबत 'आधी पहारा उठवा' असं लिहून येतं, त्यात दुसरं काही दडवायला याहून सोयीची जागा कुठली? तुम्हाला ते तपासता येणार नाही, मलाही नाही. पोराच्या कन्व्हर्टरचं तसं नाही. पोराला फोन लावता आला, हॅश मागता आला, त्याने दिला. ह्या किजेनच्या पोराला फोन लावा बघू.

दाजींनी यावर उत्तर दिलं नाही. ताईंनी विचारलं, ते सॉफ्टवेअर आता रीतसर घ्यायचं तर किती. साहेबांनी सांगितलेला आकडा ऐकून त्यांनी वही मिटली. तो विषय त्या दिवशी तिथेच राहिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

यादीत आणखी काय काय निघालं ते सगळं सांगत बसत नाही. डाउनलोडचं फोल्डर होतं, ते कुणी टाकलं ते कुणालाच माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, असं अनोळखी कलम दिसलं तर नुसतं काढून भागत नाही, कारण काही व्हायरस आत शिरल्यावर पहिलं काम हेच करतात: स्वतःच्या फोल्डराला सूट लिहून ठेवतात. आणखी एक नोंद होती ती मात्र शिकण्यासारखी. दाजींनी कधीतरी कन्व्हर्टरचं नाव 'प्रोसेस' या सदरात टाकलं होतं, नुसतं नाव, पत्ता नाही.

साहेब : डिफेंडरमध्ये ह्याचा अर्थ असा की ह्या नावाचा प्रोग्राम ज्या ज्या फाइल उघडेल त्या उघडताना तपासायच्या नाहीत. प्रोग्रामची स्वतःची फाइल मात्र तपासायचीच. म्हणजे ज्याला सूट हवी होती त्याला मिळाली नाही, आणि तो ज्याला हात लावेल त्याला मिळाली.

दाजी : उलटंच की सगळं!

साहेब : आणि नुसतं नाव दिलंत, म्हणून त्या नावाचा कुठलाही प्रोग्राम, कुठल्याही फोल्डरातला, चालतो.

दाजी : हे असं लिहिलंय तरी कुठे? पडद्यावर चार शब्द असतात: फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार, प्रोसेस. माणूस म्हणणार, माझा प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. सूट देताना एक ओळ समजावून सांगायला ह्यांना काय धाड भरली होती?

इथे मी पूर्णपणे दाजींच्या बाजूचा. अशीच गत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'ची. २०१७ साली विंडोज १० मध्ये आलेली ही सोय खंडणीवाल्यांपासून डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखी फोल्डरं राखते: ओळखीचे नसलेले प्रोग्राम तिथे काही लिहू शकत नाहीत. मुळात ती बंदच असते. कुणी हौसेने चालू केली की जुने प्रोग्राम सेव्ह करायला नकार देतात, आणि प्रोग्राम स्वतःच बुचकळ्यात पडून 'फाइल सापडली नाही' असं काहीतरी भलतंच बोलतो. माणूस फाइल शोधत बसतो. त्या अडवणुकीची परवानगी वेगळ्या यादीत द्यायची असते. फायरवॉलची आणखी तिसऱ्या. 'अँटिव्हायरसने अडवलं' असं आपण म्हणतो तेव्हा अडवणारा नेमका कोण होता ते हिस्टरी वाचल्याशिवाय कळत नाही, आणि हिस्टरी कुणी वाचत नाही.

दाजींना मात्र अजून एक सल बाकी होती.

दाजी : सगळं मान्य. डी ड्राइव्हची सूट काढा, टेम्पला देत नाही. पण माझ्या मूळ प्रश्नाला तुम्ही बगल दिलीत. पोराचा प्रोग्राम दोन वर्षांनीही अनोळखी का?

साहेब : कारण तो तुम्ही, आणखी चार-दोन डीटीपीवाले, एवढेच वापरता. आता निम्मा निवाडा गर्दीवर होतो. किती मशिनींवर दिसला, किती दिवस, सही कुणाची. लाखभर लोकांनी उतरवलेला प्रोग्राम साळसूद. पाच जणांनी उतरवलेला, संशयित.

दाजी : म्हणजे मराठी फॉन्टाचं कुठलंही अवजार जन्मभर संशयितच! इंग्रजीला कन्व्हर्टर लागत नाही. आमच्याकडे दर फॉन्टाला वेगळा लागतो, आणि तो वापरणारे असणार किती?

साहेबांनी मान डोलावली. जुन्या पद्धतीने मराठी टाइप करून देणारे प्रोग्राम तर याहून अडचणीत, असं तेच म्हणाले. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ मध्येच झेलायची आणि तिच्या जागी दुसरं अक्षर द्यायचं, हे त्यांचं काम. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळा अशाच मध्ये झेलतो. विंडोजकडे त्यासाठी मागावी लागणारी सोयही बरेचदा एकच. वागणुकीवरून निवाडा करणाऱ्या यंत्राने दोघांत फरक करायचा तरी कसा? एवढं ऐकून मला पुणे आठवलं. सीडॅकमध्ये भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं मोठं काम झालं ते याच शहरात, आणि काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या धंद्यातून क्विक हीलसारखी अँटिव्हायरसची कंपनी उभी केली तीही याच शहरात. मराठी कळफलक आणि मराठी माणसाचा पहारा असे एकाच गावचे असताना दाजींच्या प्रश्नावर कुणाच्या तरी डोक्यात काही यायला हवं, असं मला आपलं वाटतं.

दाजी : मग पोराने सही घ्यावी. डिजिटल सही.

साहेब : घेता येते. दर वर्षी पैसे भरायचे. आणि जून २०२३ पासून तिची किल्ली साध्या फाइलमध्ये मिळत नाही. यूएसबी टोकनसारख्या सुरक्षित उपकरणात ठेवावी लागते. पोरगा तुम्हाला प्रोग्राम फुकट देतो.

दाजी : कळलं. विश्वासू व्हायचं तर आधी श्रीमंत व्हा.

साहेबांनी वाद सोडून मुलाला पुन्हा फोन लावला आणि एका फाइलऐवजी उघड्या फोल्डराच्या रूपात प्रोग्राम बांधून मागितला. त्याने तेवढा एक पर्याय बदलला आणि अर्ध्या तासात झिप पाठवली. आता टेम्पमध्ये उलगडण्याचा प्रश्न उरला नाही. हॅश पुन्हा जुळवला. डी ड्राइव्हची सूट काढली, प्रोग्राम चालवला. अँटिव्हायरस क्षणभर थबकलं आणि पुन्हा मुख्य फाइलवर बोट ठेवलं. तेवढ्या एका फाइलला, तिच्या पूर्ण पत्त्यासकट, सूट दिली. साहेबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं: 'कन्व्हर्टर, सूट, दिवाळीनंतर बघणे.' मग ती फाइल अँटिव्हायरसच्या कंपनीला 'चुकून पकडली' म्हणून पाठवली. बहुतेक कंपन्यांकडे त्यासाठी फॉर्म असतो, पैसे पडत नाहीत. फाइलसोबत प्रोग्राम काय करतो आणि कुणी लिहिला तेही चार ओळींत द्यावं. माझी पानं संध्याकाळी लागायला सुरुवात झाली.

आठवड्याने दाजींचा फोन आला. कंपनीचं उत्तर आलं होतं: फाइल निर्दोष, पुढच्या अपडेटपासून अडणार नाही. दाजींनी सूट काढून बघितली, प्रोग्राम चालला. ते खुशीत होते. त्यांनी लाइनवर साहेबांनाही घेतलं.

दाजी : म्हणजे आता कायमचं मिटलं ना?

साहेब : ह्या फाइलचं मिटलं. पोराने उद्या एक अक्षर दुरुस्त करून नवी बांधली तर ती नवी फाइल. हॅश नवा. पुन्हा अनोळखी.

दाजी : पण 'ऱ्ह'चं रूपांतर चुकतंय, ते दुरुस्त करून द्यायचं म्हणत होता तो.

साहेब : मग पुन्हा अडू शकतो.

दाजी : मग संपादक, तुमच्या अंकातले 'ऱ्ह' मी हाताने बसवतो. त्याला सांगतो, चुका साठव आणि सगळ्या मिळून एकदाच, तुळशीच्या लग्नानंतर आण.